पाइनच्या मुळांचं तेल

शिमोसावा, ता. २० फेब्रुवारी १९४६

चि. तेइजी यास,
फुसाएताईचे अ. आ.

अरे, ऐक तरी! येत्या दहा मार्चला शाळेत सभा आहे. विषय, आपण लढाई का हरलो? आणि बायकांनीही बोलायचं म्हणे! एप्रिलात आम्हा बायकांना पहिल्यांदाच मत द्यायचं आहे, तर तोंड आत्तापासून उघडलेलं बरं. न्हावी म्हणतो, अमेरिकेकडे कारखाने फार. देवळाचे पुजारी म्हणतात, आपली श्रद्धा कमी पडली. वा रे वा! त्यांच्या देवळापुढचे पाइनसुद्धा लढाईसाठी तोडले ते आम्हीच ना?

मी ठणकावून सांगणार, की तेल कमी पडलं, पण आमच्या गावाने कसूर केली नाही. पाइनची मुळं खणून खणून, भट्टीत शिजवून तेल काढलं आणि विमानांसाठी पाठवलं. तू नौदलाच्या तेलाच्या प्रयोगशाळेत होतास. आमच्या तेलावर विमानं किती उडाली ते लिही. नाहीतर स्वतःच ये! रताळी खाऊन वाळला असशील, इथे निदान सोयाबीनच्या मिसोचं सार मिळेल.

दोन ओळी तरी लिही, जीव तिकडे लागला आहे.
तुझी ताई

टोकियो, ता. २८ फेब्रुवारी

ति. फुसाएताईस,
तेइजीचा शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसलो, मग लिहायला बसलो. ताई, माझ्या माहितीत त्या तेलावर एकही विमान उडालं नाही. मी स्वतः इंजिन चालवून पाहिलं. दहा मिनिटांत आचके देऊन बंद पडलं, आत नुसता चिकटा. अहवालात मात्र लिहिलं, 'चालते, किंचित सुधारणा हवी.' साहेबांनी त्यांच्या साहेबांना आधीच 'चालतं' म्हणून सांगून ठेवलं होतं. त्यांचं नाक कसं कापायचं? कुणी दरडावलं नाही गं. मीच आपला समजून गेलो. पुढे सहा महिने तुम्ही खणत राहिलात. तुझ्या सासूबाईंची कंबर त्यातच गेली ना?

हे सभेत वाच, नाहीतर चुलीत घाल. मी गावात पाऊल टाकणार नाही. कुठल्या तोंडाने येऊ?

रागाव, पण परकं करू नकोस.
तुझा तेइजी

शिमोसावा, ता. ११ मार्च

चि. तेइजी यास,
आशीर्वाद नंतर, आधी शिव्या!

मेल्या, दोन दिवस मी तुझं नाव काढलं नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, कंबर माझी मोडली, तुझी जीभ नाही. जा, वाच सभेत.

वाचलं! तेवढ्यात गावप्रमुख मोरिशिता उठले. म्हणाले, त्या पोराला नावं ठेवू नका. जिल्ह्याने ठरवून दिलेली पिपं आपल्याकडून कधी भरलीच नाहीत, तसं कळवायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी त्यांत पाणी घालायला लावलं. घातलं कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. न्हावी छताकडे बघायला लागला.

मग मी पुन्हा उठले, तेइजी. पाणी ओतणारी मी होते. तू तिकडे इंजिनापुढे घाम गाळत होतास, आणि इकडे मी बादलीने विहिरीचं पाणी ओतून वर झाकणावर 'विजय' लिहीत होते! हे मी भर सभेत सांगितलं. कुणी हसलं, कुणी रडलं, मी दोन्ही केलं.

तू ये बाबा. लोक बोलतील, ऐकून घेऊ. मान खाली घालून उभं राहायची वेळ आलीच, तर पुढे मी, मागे तू. मोठी मी आहे.

तुझी, तुझ्याइतकीच खोटारडी,
ताई