तीन घरं, तीन विहिरी आणि कापडाची उलटी बाजू

ब्रेस्तोवो, पाच ऑगस्ट

प्रिय थोरला भाऊ बाते ल्युबेन यास धाकट्या दोन्काकडून मानाचा नमस्कार.

आधी रीतीचं लिहिते, मग भांडते. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, तुम्हा दोघांचंही तसंच असो. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा. मागच्या पत्रात तू नुसतं ‘गुडघा’ लिहिलंस. एवढा भूमितीचा प्राध्यापक, पण कोणती बाजू ते सांगायला विसरतोस.) वहिनींना गावच्या धुळीने शिंका येतात म्हणून तुम्ही तीन वर्षं जत्रेला आला नाहीत, हे मी समजून घेतलं आहे. यंदा पाऊस बरा झाल्यामुळे धूळ नाही, हेही कळवून ठेवते. आलुबुखारे मात्र इतके लागले आहेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. मुरंब्याच्या सहा बरण्या पार्सलात आहेत. त्याच पार्सलात बरण्यांच्या मध्ये एक कापड घडी करून ठेवलं आहे, ते बरण्या फुटू नयेत म्हणून ठेवलेलं नाही. त्याचसाठी हे पत्र आहे, आणि हे पत्र विनंतीचं नाही, हे पहिल्याच पानावर सांगून टाकते.

तुला ठाऊकच आहे की आमच्या पेन्शनर क्लबात गुरुवारी कोडं घालायची पद्धत मी सुरू केली, कारण क्लबाची अध्यक्ष मी आहे आणि किल्ली माझ्याकडे असते. त्याआधी तिथे काय चालायचं? कुंचो सोंगट्या आपटायचा आणि बाकीचे टीव्हीकडे तोंड करून घोरायचे. (कुंचो म्हणजे तोच, एकतीस वर्षं तालुक्याची बस चालवणारा. अजूनही खुर्चीवर बसताना आधी आरशात बघितल्यासारखी मान वळवतो.) मी फळा आणला, खडू आणला. पेन्सिल न उचलता उघडं पाकीट काढायचं, नऊ ठिपके सलग रेघांनी जोडायचे, आगकाडीच्या चौकटी मोडायच्या, अशी कोडी तू पाठवत गेलास आणि आम्ही सोडवत गेलो. वाद झालाच तर निकाल सोफियाच्या प्राध्यापकाचा, म्हणजे तुझा, असं आम्ही ठरावाने पास केलं होतं. असं छान चाललं होतं. आणि मग जूनमध्ये तू ते तीन घरांचं कोडं पाठवलंस.

मी ते फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं: तीन घरं, तीन विहिरी. घरांचं एकमेकांशी वाकडं आहे, म्हणून वाटेत कोणी कोणाला भेटता कामा नये. प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत एक वाट काढा, एकूण नऊ वाटा, आणि एकही वाट दुसरीला ओलांडणार नाही. झालं. मी खडू कुंचोच्या हातात देणार, एवढ्यात वेलिकाने विचारलं, की त्यांचं वाकडं कशावरून आलं? (वेलिका गावातली सुईण होती. निम्म्या गावाला तिने पहिल्यांदा उलटं धरलेलं आहे, त्यामुळे तिला कोणाचंही कोड्यातसुद्धा अडलेलं बघवत नाही.) मी म्हटलं, अगं, ते कोड्यात दिलेलं नाही. ती म्हणाली, दिलं नसेल, पण असणार ना काहीतरी. कुंचो म्हणाला की बांधावरच्या झाडावरून असणार. मागून कोणीतरी म्हणालं, छे, सुनेवरून. बाते, तुला खोटं वाटेल, पण तो अख्खा गुरुवार आणि पुढचाही गुरुवार त्या तीन घरांच्या भांडणात गेला. मधल्या घराने जमीन लाटली, हे बहुमताने ठरलं. तिसऱ्या घरातल्या म्हातारीचं कुंचोला फार वाईट वाटलं. शेवटी वेलिकाने तोडगा काढला की मधल्या घरच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला पहिल्या घरचा माणूस धर्मपिता म्हणून उभा करायचा. धर्मपित्याशी आयुष्यभर अबोला धरता येत नाही, म्हणजे भांडण मिटलं, म्हणजे वाटा कशाही गेल्या तरी हरकत नाही. मी क्लबाच्या शिक्क्यानिशी तुला हेच उत्तर पाठवलं. तू उलट टपाली कळवलंस की हे गणिती उत्तर नव्हे. मला तर अजूनही ते बरं उत्तर वाटतं, पण राहू दे.

मग आम्ही खरोखर कामाला लागलो. फळ्यावर आठ वाटा बिनतक्रार निघायच्या, नववी अडायची. कुठूनही सुरुवात करा, कोणाचंही घर कुठेही सरकवा, आठ झाल्या की नववी कोंडलीच. कुंचोचं म्हणणं पडलं की फळा अपुरा आहे, जागा मोठी पाहिजे. म्हणून क्लबाच्या फरशीवर लोणच्याच्या तीन बरण्या घरं म्हणून मांडल्या, तीन बादल्या विहिरी म्हणून, आणि मार्चमध्ये मनगटाला बांधतात त्या लाल-पांढऱ्या लोकरीची उरलेली रिळं आणून वाटा ताणल्या. नेमका त्याच दिवशी रक्तदाब मोजायला डॉक्टर आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि दोन्ही पाय चौथ्या वाटेत. पडले नाहीत, वेलिकाने धरलं. पण एक बरणी गेली आणि लोणच्याचं पाणी थेट मधल्या घरापासून पहिल्या विहिरीपर्यंत गेलं, वाटेत तीन वाटा ओलांडत. डॉक्टरांनी सगळ्यांचे रक्तदाब मोजले. एकूण एक वाढलेले. हे काय चाललं आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं. ते हसले, बसले, खिशातून औषधं लिहायचं पॅड काढलं. सव्वा तासाने नर्स त्यांना शोधत आली तेव्हा अकरा चिठ्ठ्या फुकट गेल्या होत्या आणि कुंचोने त्यांच्या दंडाला पट्टा बांधून त्यांचाच रक्तदाब घेतला होता. (एकशे सत्तर. त्यांनी आम्हाला कोडं बंद करायला सांगितलं आणि बाराव्या चिठ्ठीची घडी करून खिशात घालून गेले.)

आणि सहाव्या गुरुवारी तुझं पत्र आलं. ते मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं हा माझा मूर्खपणा. तू लिहिलं होतंस की दोन्का, आता पुरे कर, हे कोडं सुटतच नाही, सुटूच शकत नाही, हे कधीच सिद्ध झालेलं आहे. मी गंमत म्हणून पाठवलं होतं, वाटलं अर्ध्या तासात कंटाळाल.

गंमत. बाते, सहा आठवडे आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसं गुडघे टेकून फरशीवर रांगत होतो, आणि तू गंमत बघत होतास. मला इतका राग आला की चष्मा काढावा लागला. कुंचो मात्र खुशीत आला. तिथल्या तिथे उठून त्याने ठराव मांडला: अध्यक्षबाईंनी स्वतःच्या भावाने पाठवलेल्या अशक्य गोष्टीपायी क्लबाचे सहा गुरुवार आणि एक बरणी वाया घालवली, सबब जत्रेच्या दिवसापर्यंत त्यांनी कोडं सोडवून दाखवावं, नाहीतर किल्ली कुंचोकडे द्यावी, मग पुन्हा सोंगट्या आणि टीव्ही. निकाल कोणी द्यायचा? म्हणाला, ठरलंय की, सोफियाचा प्राध्यापक. (बघ त्याची लबाडी. ‘सुटत नाही’ असं ज्याने आधीच लिहून दिलं आहे तोच न्यायाधीश.) मी म्हटलं, कबूल. वेलिकाने माझी बाही ओढली, पण तोवर बोलून बसले होते.

आता कापडाकडे ये. मागच्या सोमवारी मी उशीच्या अभ्र्याला काज करत होते. काज म्हणजे बटणाचं भोक, तुझ्या शर्टाला असतं ते, आणि तू कधी नीट पाहिलेलं नसतं ते. दोरा वरून घालायचा, खालून काढायचा, पुन्हा वर. हात आपोआप चालतो, चौतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काढलेला हात आहे. आणि माझ्या मनात आलं की आपण सहा आठवडे एकाच बाजूवर मरतोय. कापडाला उलटी बाजू असते हे ज्या बाईला झोपेतही ठाऊक आहे, तिने ते फळ्यासमोर उभं राहताच विसरावं? का, तर समोर फळा होता आणि फळा तुमच्यासारख्यांचा. मी अभ्रा टाकला, पांढऱ्या कापडाचा तुकडा घेतला, तपकिरी दोऱ्याने तीन घरं भरली, विहिरींच्या जागी तीन निळी बटणं लावली. आठ वाटा सुलट्या बाजूवर धावदोऱ्याने घातल्या. तिसऱ्या घराच्या अंगणात एक काज केलं. नववी वाट घरातून निघाली, काजातून पलीकडे उतरली, उलट्या बाजूने सरळ कडेपर्यंत गेली, कडेवरून वळून सुलट्या बाजूला आली आणि विहिरीला लागली. कोणाला ओलांडलं नाही, कोणाला शिवलं नाही, कोणाला भेटली नाही. बोट फिरवून बघ. वेलिकाने नऊही वाटांवरून बोट फिरवलं आणि मग तिला एकदम रडू आलं. का ते तिलाही सांगता येईना.

कुंचोने कापड चौदा वेळा उलटंसुलटं केलं. (मी मोजलं.) मग म्हणाला, असं भोकच पाडायचं तर कागदालाही पाडता आलं असतं. मी म्हटलं, पाडायचं होतंस, सहा आठवडे तुझा हात कोणी धरला होता? त्यावर तो म्हणाला, आणि हे वाक्य मी तुला मुद्दाम जसंच्या तसं लिहिते, “दोन्का, ही शिवण झाली, ही काही भूमिती नव्हे.”

बाते, मला सांग, चौतीस वर्षं मी काय केलं? पुढची बाजू, मागची बाजू, बाही, कॉलर, खिसा, हे सगळे वाकडेतिकडे तुकडे एका पन्ह्यावर असे बसवायचे की मध्ये बोटभरही कापड वाया जाऊ नये, आणि मग चाळीस थर एकदम कापायचे. एक रेघ चुकली की चाळीस माणसांच्या पँटी गेल्या. तुझी रेघ चुकली तर तू पुसतोस. ज्या दिवशी तू डॉक्टरेट घेतलीस त्या दिवशी तुझ्या अंगावर मी कापलेली पँट होती, आणि तू तीन तास उभा राहून बोललास तरी ती कुठे ओढली गेली नाही, तीही काय गंमत होती? वडिलांकडे एकालाच शिकवण्याची ऐपत होती आणि थोरला तू होतास, याबद्दल मी तुझ्यावर कधी राग धरला नाही. (थोडा धरला. दोन-तीन वर्षं.) पण गावच्या एकाच खोलीच्या शाळेत तुझी गणितं तुझ्याआधी मी सोडवायचे, तू माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे असूनही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

तेव्हा आता नीट ऐक. कागदावर सुटत नाही हे तुझं खरं असेल, त्याला माझी ना नाही. पण कोड्यात ‘कागद’ हा शब्द कुठेही नाही. तुझं पत्र माझ्याजवळ आहे, चारदा वाचलं. घरं आहेत, विहिरी आहेत, वाटा आहेत. ज्या जमिनीवर ती घरं आहेत तिला काज नाही, असं तू कुठे लिहिलंस? तुझ्या मोठमोठ्या पुस्तकांत भोक असलेल्या कापडाबद्दल काही लिहिलेलं असेल तर ते काढून बघ, आणि नसेल तर लिहून घे. जत्रेच्या आधी तुझा निकाल क्लबात पोहोचला पाहिजे, शिक्क्यानिशी, कुंचोच्या नावावर. किल्ली कोणाकडे राहायची ते तुझ्या एका ओळीवर आहे.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला कोबीचं पान बांध.

तुझी धाकटी बहीण,
दोन्का

ता. क. कापड धुऊ नका, निळी बटणं रंग सोडतात. वहिनींना सांग की ते फुलदाणीखाली घालायचं नाही.

दुसरा ता. क. डॉक्टरांना कापड दाखवलं. त्यांनी ती बाराव्या चिठ्ठीची घडी खिशातून काढली आणि फाडून टाकली. त्यांचं मत निकालात धरलं जात नाही, पण तुझ्या कानावर असावं.

तिसरा ता. क. हे दोन दिवसांनी लिहिते आहे, पार्सल अजून टपालात टाकलेलं नाही. वर किल्लीबद्दल लिहिलं ते सगळं खरं होतं, पण काल सकाळपर्यंत. काल मी उठले, क्लबात गेले आणि किल्ली कुंचोच्या हातात ठेवली. जत्रेची वाट पाहिली नाही, तुझ्या निकालाचीही नाही. तो म्हणाला, दोन्का, अजून दहा दिवस आहेत की गं. वेलिका माझ्याशी बोलत नाही. तुला कारण सांगते. फेब्रुवारीत नऊ ठिपक्यांचं उत्तर मी तुला पाठवलं होतं ना, त्यात चार रेघा पाहिजे होत्या आणि माझ्या पाच झाल्या होत्या. पाकीट पेटीत पडल्यावर माझ्या लक्षात आलं. तू उत्तर पाठवलंस, ‘शाब्बास, दोन्का.’ मी ते कोणाला दाखवलं नाही. तू मनाचा मऊ आहेस, बहिणीची किल्ली जाते आहे म्हटल्यावर तू ‘बरोबर’ असंच लिहिलं असतंस, आणि मग कापडावरचं उत्तर खरंच बरोबर होतं का, ते मला मरेपर्यंत कळलं नसतं. आता किल्ली गेली. तुझ्या ‘बरोबर’ने ती परत येणार नाही आणि ‘चूक’ने माझं आणखी काही जाणार नाही. आता दिवाणखान्यात चांगल्या उजेडात बस, कापड दोन्ही बाजूंनी बघ, आणि खरं काय ते लिही.