सालईटोल्याच्या समुद्रावरची सोयरीक

आदरणीय धोंडबा मामा,

भाचा अंकुश याचा जयभीम घ्यावा. मामींनाही जयभीम, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला वेगळा, कारण मागच्या खेपेस त्या म्हणाल्या होत्या की माझी चौकशी सगळे करतात, गुडघ्याची कोणी करत नाही. (डावा बरा असेल असं धरून चालतो.) इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्या भाचेसुनेचं, म्हणजे भावनाचं, पित्त उन्हाबरोबर चढतं आणि उन्हाबरोबर उतरतं. मी सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून सदर भागातल्या ऑफिसात जातो आणि 'खोटं बोलू नये' हे शील साहेब फायलीबद्दल विचारीपर्यंत नीट पाळतो. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन कानाला न लावता तोंडासमोर धरता. त्यामुळे तुमचं सगळं आम्हाला ऐकू येतं आणि आमचं तुमच्या हनुवटीला. विषय नाजूक आहे, हनुवटीवर सोपवण्यासारखा नाही, म्हणून पत्र.

आमच्या मोनालीसाठी तुम्ही सुचवलेल्या कोराडीच्या स्थळाचं काय झालं ते कळवायचं आहे. खरं तर काय झालं ते मलाच नीट कळलेलं नाही. म्हणून सगळंच लिहितो, त्यातून तुम्ही काय ते काढून घ्या. पत्रूजी, ताराबाई आणि त्यांचा मुलगा धम्मदीप यांच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? ताराबाई तर तुमच्याच गावची लेक. मोनालीनं मात्र आधीच बजावून ठेवलं होतं, "बाबा, मी पोह्याचा ट्रे घेऊन कोणासमोर येणार नाही. मले त्याच्याशी एकटीनं बोलू द्या. जमलं तर हो म्हणीन, नाही तर नाही. अन् हेही नाही झालं, तर मंग दोन वर्षं माझ्या लग्नाचं नावच काढू नका." तिचं चूक नाही. आधीची दोन स्थळं आम्हा थोरांच्या बोलण्यात बुडाली. आम्ही इतकं बोलून घेतलं की मुलांची पाळी आली तेव्हा पाहुण्यांच्या बसची वेळ झालेली. भावना तेव्हापासून धास्तावलेली आहे. या वेळी मुलांना बोलू द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. (मनाशी मी पुष्कळ गोष्टी पक्क्या करतो. अडचण मनाबाहेर सुरू होते.)

पत्रूजी म्हणाले, घरी नको, मोकळ्या जागी भेटू. सालईटोल्याच्या धरणात नवीन 'आयलंड बीच' झालं आहे, नावेनं जायचं, दिवसभर राहायचं, संध्याकाळी परत. मामा, आपल्या मुलखाला समुद्र नाही, याचं मला आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं. पण कोणाला तरी वाटलं असावं. धरण भरलं तेव्हा एका टेकडीचं डोकं तेवढं पाण्याबाहेर राहिलं होतं, त्यावर नदीची रेती ट्रकनं आणून ओतली आहे. माड प्लास्टिकचे आहेत आणि त्यांच्यामागे खरी मोहाची झाडं अवघडल्यासारखी उभी आहेत. लाटा नाहीत, म्हणून लाटांचा आवाज भोंग्यावर लावतात. तो कोणाच्या तरी मोबाइलवरून येत असावा, कारण मधेच लाटा थांबतात, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात होते आणि पुन्हा लाटा सुरू होतात. (मामींसाठी तेलाचं नाव लक्षात ठेवणार होतो, पण तेवढ्यात लाट आली.) काठावर पाटी आहे, 'समुद्रात खोल जाऊ नये. हुकुमावरून, सरपंच.' भावनानं ओंजळभर पाणी चाखून पाहिलं आणि म्हणाली, "अळणी आहे वं माय." जणू मीठ घालायचं तिच्याकडूनच राहून गेलं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लहानपणी तुम्हीच मला शिकवलं की सोयरा शिवेवर उभा राहता कामा नये. आपण समोर जाऊन त्याला आणावं आणि निघताना शिवेपर्यंत पोचवून द्यावं. गावाच्या बाबतीत हे सोपं आहे, गाव ज्याचं तो यजमान. पण धरणातल्या टेकडीवर यजमान कोण? आम्ही मुलीकडचे, म्हणून मान राखायचं काम आमच्याकडे. असं समजून आम्ही भल्या पहाटे निघालो आणि पाहुण्यांचं स्वागत करायला पहिल्या नावेनं बेटावर जाऊन उभे राहिलो. तिकडे पत्रूजींनी विचार केला की बोलावणं आपलं, म्हणून यजमान आपण. ते आमचं स्वागत करायला अलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले. मध्ये तलाव. आम्ही एकमेकांना दिसलो आणि दोन्हीकडच्या लोकांच्या काळजात एकदमच धस्स झालं, सोयरे शिवेवर उभे!

नावा दोन आहेत. शिट्टी झाली की एक इकडून सुटते आणि दुसरी तिकडून. मी म्हटलं, चला, त्यांना आणायला जाऊ. पत्रूजीही तिकडे तेच म्हणाले असणार, कारण तलावाच्या मधोमध दोन्ही नावा एकमेकींजवळून गेल्या. त्यांच्या नावेत ते तिघं हात जोडून उभे, आमच्या नावेत आम्ही तिघं हात जोडून उभे.

"जयभीम, जयभीम! कुठं चालले गा?"

"तुमाले आणाले! अन् तुमी?"

"आमीबी तुमालेच आणाले!"

तेवढ्यात नावा लांब गेल्या. आम्ही काठावर उतरलो, ते बेटावर. आता ते बेटावर एकटे, म्हणजे पुन्हा आम्हीच त्यांना ताटकळत ठेवल्यासारखं झालं. पुढच्या शिट्टीला आम्ही निघालो, आणि मधोमध पुन्हा तेच तिघं आमची वाट पाहणं सोडून आम्हाला भेटायला येताना दिसले. या वेळी ताराबाईंनी भावनाला विचारून घेतलं, "मुलीले स्वयंपाक येते का?" भावना ओरडली, "सांभारवडी तिनंच केली!" आणि पुरावा म्हणून डबा पुढे केला. नावा इतक्या जवळ होत्या की कोथिंबिरीनं गच्च भरलेली एक वडी ताराबाईंच्या हातात पडली, एक पाण्यात. पाण्यातली माशानं नेली. ताराबाईंनी त्यांची चाखली आणि त्या काहीतरी म्हणाल्या, पण काय म्हणाल्या ते लाटांच्या आवाजात ऐकू आलं नाही. (लाटा भोंग्याच्या आहेत हे तुम्ही विसरला नसाल.) त्या वडीत मीठ जास्त होतं की काय, या चिंतेनं भावना पुढची पूर्ण फेरी डब्यातल्या वड्या चाखत बसली.

मग मी विचार केला. मला विचार करायला पाणी फार चांगलं, विहिरीचं असो की धरणाचं. दोघंही निघतो म्हणून चुकामूक होते, तेव्हा आपण जागचं हलायचं नाही. दुर्दैवानं पत्रूजीही विचार करणारे गृहस्थ आहेत. पुढची शिट्टी झाली आणि दोन्ही नावा रिकाम्या सुटल्या. त्याच्या पुढच्या शिट्टीला, आपण ताठा धरला असं त्यांना वाटू नये म्हणून आम्ही निघालो. आमचाही तसा समज होऊ नये म्हणून ते निघाले. भगवंतांनी मध्यम मार्ग सांगितला तो मी रोज आठवतो, पण त्या मार्गावर इतक्या वेळा एकाच कुटुंबाला हात जोडावे लागतील अशी कल्पना नव्हती. शेवटी नाववाला वैतागला. "काका, तुमी लोक लगन जमवून राहिले का नदी मोजून राहिले? कोणी एकानं कुठंतरी बसा ना गा!" मी त्याला समजावलं की आपण आधी बसलो तर ते बरं दिसत नाही. तो म्हणाला, "मंग बुडा."

मोनाली इतका वेळ नावेच्या टोकाला बसून पाण्यात बोट बुडवत होती. (ती रागावली की असं करते. घरी ती बोट चहात बुडवते.) उन्हं चढली होती आणि ज्या मुलाशी एकटीनं बोलायचं त्याला तिनं आतापर्यंत फक्त जाता-येता, हात जोडलेला असा पाहिला होता. भावना माझ्या कानाशी म्हणाली, "हेही चाललं हातचं." तेव्हा आणखी एक फेरी होऊन आम्ही पुन्हा बेटावर आलो होतो. मला एकाएकी सुचलं की थोरांनी जाणं थोरांना अवघड वाटत असेल, तर लेकराला पाठवावं. लेकरू आणायला आलं तर कोण नाही म्हणेल? मी मोनालीला म्हटलं, "जा माय, त्यांना घेऊन ये." ती एकटीच नावेत जाऊन बसली. शिट्टी झाली. आणि समोरच्या काठावरून दुसऱ्या नावेत एकटा धम्मदीप निघालेला दिसला.

मामा, त्या दोन नावा तलावाच्या मधोमध आल्या आणि थांबल्या. इंजिनं बंद झाली. दोन्ही नाववाले तोंड फिरवून बिड्या ओढू लागले. इकडे रेतीत आम्ही दोघं, तिकडे काठावर पत्रूजी आणि ताराबाई, आणि मध्ये आमची मुलं बोलत बसलेली. दिसत होतं सगळं, ऐकू काहीच येत नव्हतं. एकदा मोनाली हसली. एकदा त्यानं कपाळाला हात लावला. भावना म्हणाली, "लाटा बंद करा म्हणा ना त्याले!" मी भोंगेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, लाटा बंद केल्या तर लोक पैसे परत मागतात. खरं सांगतो, मी त्या प्लास्टिकच्या माडाखाली उभा राहून मनातल्या मनात 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' म्हटलं आणि 'सब्बे सत्ता'मध्ये, म्हणजे सगळ्या जीवांमध्ये, त्या दोघांकडे जरा जास्त लक्ष दिलं. हे शास्त्रात बसतं की नाही, ते पुढच्या पौर्णिमेला भन्तेजींना विचारीन.

मग इंजिनं सुरू झाली, पण नावा वळल्या नाहीत. ज्या दिशेनं निघाल्या होत्या त्याच दिशेनं गेल्या. मोनाली तिकडच्या काठावर उतरली, धम्मदीप आमच्याकडे आला आणि नाववाले जेवणाच्या सुट्टीवर गेले. ती सुट्टी ऊन कलेपर्यंत चालते. तेव्हा दुपारभर त्यांचा मुलगा आमच्याकडे होता आणि आमची मुलगी त्यांच्याकडे. मुलगा कमी बोलतो. दोनदा वाढून घेतलं, कुणी आग्रह न करता. (मला आग्रहाची वाट पाहणाऱ्या माणसांची अलीकडे भीती वाटू लागली आहे.) जेवण झाल्यावर रेतीनं डबे घासून, धुऊन, झाकणं ज्याची त्याला लावून ठेवली. भावनाला माझ्या लग्नापासून माझ्याकडून हे अपेक्षित होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी त्याला विचारलं, "मोनाली काय म्हणाली?" तर तो म्हणाला, "काका, तुमाले फार थकवा आला असंन, थोडं आडवे व्हा." उत्तर चुकवलं, पण उशाला पिशवी दिली. तिकडे ताराबाईंनी बाक पुसून त्यावर मोनालीला बसवलं, मग तिच्या चपला पुसल्या, मग पाण्याची बाटली. कोराडीला वीजकेंद्राची राख बसते ना, पुसल्याशिवाय त्यांना काही ठेवता येत नाही. मोनाली म्हणते, त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "तुह्या आईचं पित्त कसं आहे वं?"

संध्याकाळी एकदाचे सगळे एका काठावर आलो आणि मुलांची अदलाबदल झाली. पण विचारायचं ते कोणीच विचारलं नाही. मला वाटलं, मुलाकडच्यांनी तोंड उघडावं, त्यांचा मान आहे. पत्रूजींना वाटलं, मुलीच्या बापाला आधी बोलू द्यावं, त्याचा मान आहे. आम्ही हवेबद्दल बोललो. या वर्षी ऊन फार आहे यावर दोन्ही घरांचं एकमत झालं. वाटेत मी मोनालीला विचारलं, तर ती म्हणाली, "मले ज्याले सांगायचं होतं त्याले मी सांगितलं. तुमी लोक आधी कोणी कोणाले विचारायचं ते ठरवा." त्याला आता बरेच दिवस झाले. फोन वाजला की भावना धावत येते, आणि तो बहुतेक गॅसवाल्याचा असतो.

मामींना सांगा, गुडघा शेकत राहा. सर्वांना जयभीम.

तुमचा
अंकुश

ता.क. : वरचं सगळं तुमच्या करमणुकीसाठी लिहिलं. खरी विनंती अशी की तुम्ही मध्यस्थ आहात, दोन्हीकडचे वडीलधारे आहात. तुम्ही पत्रूजींना आपल्याकडून होकार कळवावा. पण अशा रीतीनं कळवावा की आम्ही आधी कळवला असं दिसू नये, आणि उशीर केला असंही दिसू नये. मुलगा आम्हाला फार आवडला आहे. मोनालीच्या मनात काय आहे ते मात्र माहीत नाही, तेव्हा होकारात तेवढी जागा मोकळी ठेवावी.

ता.क. दुसरा : आत्ताच कळलं की पत्रूजींनीही तुम्हाला पत्र लिहायला घेतलं आहे. दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोचली तर कृपया त्यांचं आधी फोडावं. पाकीट चिकटवून मोनालीजवळ पोस्टात टाकायला देतो आहे.

ता.क. तिसरा (अक्षर वेगळं दिसेल) : आजोबा, मी मोनाली. पाकीट वाफेवर उघडलं, माफ करा. पोस्टात टाकत नाही, मीच घेऊन येऊन राहिली आहे. खाली धम्मदीप गाडी सुरू करून उभा आहे, त्याच्या खिशात त्याच्या बाबांचं पत्र आहे. उमरेडला चहा घेऊन दुपारपर्यंत पोचतो. दोन्ही पत्रं दोघं मिळून एकदमच तुमच्या हातात देऊ, मग कोणतं आधी फोडायचं ते तुमी पाहा. अन् फोडलं नाही तरी चालते, आमचं तर तलावातच ठरलं. आजीले सांगा, दोघांचं जेवण टाक.