मोनाचं लग्न झालंय का?

तीर्थरूप आत्या यांस,

कोल्हापुराहून स्नेहलचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील, आणि आतोबांचा खोकलाही उतरला असेल. (त्यांचं आधी विचारायला हवं होतं का? ते मोठे, पण गुडघ्यांचं दुखणं जुनं.)

तुमच्या उदयसिंहशी लग्नाला मी तयार आहे का, असं तुम्ही गणपतीत विचारलंत, तेव्हा ‘बँकेची परीक्षा झाली की सांगते’ असं मी म्हणाले होते. परीक्षा झाली. म्हणून आधी परीक्षेचं सांगते.

तर्कशक्तीचा पेपर संगणकावर होता आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. पहिलाच प्रश्न : भैरवी ही मोनाच्या वडिलांची एकुलती बहीण, तर भैरवी मोनाची कोण? पर्याय आत्या, मावशी, सासू, माहिती अपुरी. शेजारच्या मुलीनं वाचता वाचताच बटण दाबलं. मला मात्र शाळेत जायच्या आधी मलकापुरात तुम्हीच शिकवलं होतंत, की पडताळल्याशिवाय पाटी पुढे करायची नाही. आत्या तर बरोबरच. पण मोनाला आत्याच्याच घरी दिली असेल तर? आपल्यात देतातच. (थोरल्या काकूंना दिलं, आणि तुमच्या मनात आहे ती मी.) मग सासूही बरोबर. आणि लग्नाचं काही लिहिलेलंच नाही, म्हणजे माहिती अपुरी. मी हात वर केला आणि पर्यवेक्षक गणपतरावांना (नाव खिशावर होतं) हळूच विचारलं, मोनाचं लग्न झालंय का?

“मला काय ठावं? मी काय मध्यस्थ हाय व्हय?” म्हणत ते पडद्यावर वाकले, आणि वाचून म्हणाले, “आयला, आमची आई आमच्या मंडळीची आत्याबी हाय आन् सासूबी!”

ते दुसऱ्या पर्यवेक्षिकेला, चिमणाबाईंना, घेऊन आले. त्यांचं म्हणणं पडलं, “आत्याला राहू दे. मोनाला इचारलंय का कुनी?” मागून एकजण ओरडला, “ओ ताई, पेपर सोडवताय का सोयरीक जमवताय?” मी याचाही विचार करत होते, तेवढ्यात वेळ संपून पडदा बंद झाला. बाकीचे प्रश्न माझ्या नजरेसही पडले नाहीत.

आता नोकरी तर मिळत नाही, म्हणून लग्न, असं मात्र कुणी समजू नये. उदयसिंह चांगला आहे, हे मी सगळ्या बाजूंनी तपासलंय. तुमच्यावर तर माझा जीव आहेच.

तुमची,
स्नेहल

ता. क. : उत्तर ‘नाही’ असं आहे. हे आमच्या वडिलांना तुम्हीच सांगाल का? तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, तुमच्यावर ते ओरडत नाहीत.

आणखी एक ता. क. : हिला सगळ्यालाच वेळ लागतो, बदलेल मत, असं म्हणून उदयसिंहला थांबवून ठेवू नका. तुम्ही विचारलंत तेव्हाच, हातातला मोदक तोंडात जायच्या आत, माझं ठरलं होतं. बाकीचा सगळा वेळ या पत्राचा मजकूर जुळवण्यात गेला.