पातेले आत्याला, झाकण ताईला

दिनांक १४ मे २०१९, मंगळवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. शेवटची ताटली धुऊन झाली आहे. संध्याकाळच्या काकडीला मीठ लावून ती चाळणीत निथळत ठेवली आहे, आणि तिचे पाणी गळून जाईपर्यंत मी हे लिहायला बसलो आहे.

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा खाणावळ, लोकांत 'तराजू' या नावाने ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत असून माझ्या मालमत्तेची आणि वस्तूंची व्यवस्था या कागदाने लावून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव फक्त पित्ताशयातल्या खड्याचा आहे आणि तो उद्या सकाळी काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "अहो, जेवायला जाऊन यावं तसं आहे." जेवायला आलेली माणसे मी रोज पाहतो. काही जण उठायचे नावच घेत नाहीत. म्हणून हा कागद.

माझी शाळा आठवीत सुटली. कायद्याची भाषा मी कोर्टाबाहेरच्या दस्तलेखकांना विचारून घेतली आहे आणि अवघड शब्द शब्दकोशात पाहिले आहेत. दस्तलेखकांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, खाडाखोड करायची नाही, सुचेल ते पुढे लिहीत जायचे. दुसरी, ज्याला काही द्यायचे आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही. घेतली तर त्याच्या वाट्याचे त्याला मिळत नाही. साक्षीदार म्हणून स्वतः दस्तलेखक आणि आमची भाजीवाली साडेपाचला येणार आहेत.

कलम एक. छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या, म्हणजे सहा बाकांची जेवणाची खोली आणि तिच्यामागचे स्वयंपाकघर, भाड्याने माझ्या नावावर आहेत. यंत्रांच्या उष्णतेतून बाहेर आलेल्या माणसाला वाफाळलेले ताट नको असते, हे मला इथे पहिल्याच उन्हाळ्यात कळले. तेव्हापासून उन्हाळाभर आम्ही न शिजवलेले किंवा जेमतेम शिजवलेले जेवण देतो, आणि उन्हाळाच आम्हाला वर्षभर पोसतो. हा धंदा, भाड्याचा हक्क आणि बँकेत जे काही असेल ते माझी आत्या आणि माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, यांना समान आणि अविभक्त द्यावे. मध्ये भिंत, पडदा किंवा खडूची रेघ घालू नये. खडूची रेघ का लिहिली, ते पुढच्या कलमात येईल.

कलम दोन. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आम्हा दोघांना आत्याने वाढवले. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि तिथला एक नियम तिने इथे आणला: पातेल्यात मीठ पडले की झाकण उलटे ठेवायचे. एका स्वयंपाकघरात तीन हात असले की मीठ दोनदा पडते किंवा पडतच नाही, आणि गार पदार्थाला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. झाकण सरळ म्हणजे मीठ बाकी. झाकण उलटे म्हणजे पडले. या नियमाने आमचे कधी बिघडले नव्हते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी छापखान्यात नवे यंत्र आले आणि मालकांनी सगळ्या कामगारांचे जेवण आमच्याकडे सांगितले. मोठे पातेले भरून टोमॅटो आणि काकडीचे गार सूप केले होते. आत्याला पुदिन्याची वाटी ठेवायला जागा सापडेना, म्हणून तिने पातेल्यावरचे झाकण उलटे केले आणि त्याच्या खोलगट भागात वाटी बसवली. ताई आली, वाटी उचलून नेली, झाकण उलटे पाहिले आणि मीठ न घालता पातेले बाहेर पाठवले. कामगार सभ्य होते, सगळ्यांनी संपवले. फक्त मालक म्हणाले, "पथ्याचं केलंय का?"

त्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "झाकणाला डोळे लावून बसलीस, जिभेला काय झालं होतं?" ताई म्हणाली, "नियम तुझा, झाकण तुझं, वाटी तुझी. आणि जीभ तेवढी माझी?" दोघी तेव्हापासून एकमेकींशी बोललेल्या नाहीत. एका ओट्यावर, हाताला हात लागेल इतक्या अंतरावर काम करतात आणि बोलतात माझ्यामार्फत.

"तिला सांग, टोमॅटो जाड झाले."

"ताई, टोमॅटो."

"त्यांना सांग, ऐकू आलं. बहिरी नाहीये मी."

मागच्या वर्षी ताईने ओट्यावर खडूने रेघही मारली होती. मी ती ओल्या फडक्याने पुसली आणि दोघींपैकी कोणीही मला विचारले नाही, यावरून माझी अजून आशा आहे.

ऑपरेशननंतर तीन आठवडे मी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, असे डॉक्टर म्हणतात. जागा छापखान्याच्या मालकांचीच आहे आणि त्यांना ती कागदाच्या गोदामासाठी हवी आहे. उन्हाळ्यात दार बंद दिसले तर भाडेपत्र पुढे वाढवणार नाही, असे त्यांनी मला समोर बसवून सांगितले आहे. म्हणजे मी मेलो काय आणि तीन आठवडे पडून राहिलो काय, निरोप पोचवणारा नसला की हे दार बंद. माझी भीती ती आहे. खडा त्या मानाने लहान आहे.

कलम तीन. वर सांगितलेले मोठे पातेले आत्याला द्यावे. त्याचे झाकण ताईला द्यावे. हे मी विचार करून लिहिले आहे.

कलम चार. माझा काटा, वजनांसह, भाजीवालीला. आठवी सुटल्यावर मी किराणा दुकानात वजने करायला होतो. दुकान बंद झाले तेव्हा मालकाने शेवटच्या पगाराऐवजी हा काटा दिला. 'तराजू' हे नाव त्याच दिवशी चिकटले. भाजीवालीचा स्वतःचा काटा माझ्या मते तिच्याकडे झुकतो. ती म्हणते, "माझा झुकत नाही, तुझी मान वाकडी." गेली पाच वर्षे मी तिच्यासमोर माल परत तोलतो आणि ती लोकांना बोलावून ते दाखवते. तरीही न पिकलेले खरबूज तिने मला एकदाही दिलेले नाही. नाकाशी धरते आणि म्हणते, "उद्या ये, आज हे झोपलंय." तेव्हा काटा तिलाच.

आत्ता लक्षात आले, काटा तिला दिला म्हणजे ती साक्षीदार होऊ शकत नाही. खाडाखोड करायची नाही. दुसरा साक्षीदार शोधावा लागेल.

कलम पाच. लहान सुरी ताईला. ती माझ्याहून चांगली चिरते, हे मी तिच्या तोंडावर कधी सांगितलेले नाही.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्याशिवाय वरच्या सगळ्याचा उपयोग नाही.

बाजारातून परत आल्याशिवाय फळ्यावर काही लिहू नये. आधी फळा लिहिला की माणूस फळ्यासाठी भाजी घेतो, आणि मग ती शिळी असली तरी घेतो.

टोमॅटो कधीही गारव्यात ठेवू नयेत. खिडकीतल्या टोपलीत, देठ खाली करून. गिऱ्हाईक बाकावर बसल्यावर चिरावेत, मीठ आणि तेल घालावे, आणि पाव कापून होईपर्यंत हात लावू नये. तेवढ्यात ताटलीत जो रस सुटतो त्यासाठीच माणसे येतात. तो ओतून देणाऱ्याला ओट्यापाशी उभे करू नये.

काकडीचे टोक आधी स्वतः खाऊन पाहावे. कडू निघाली तर गिऱ्हाइकाला कळायच्या आत आपल्याला कळते. निथळलेल्या काकडीत घट्ट दही आणि हाताने तोडलेला पुदिना. पुदिना सुरीने चिरला की काळा पडतो.

कोवळ्या शेंगा उघड्या भांड्यात, खळखळत्या पाण्यात टाकाव्यात आणि दाताखाली वाजतील तोवरच ठेवाव्यात. मग गार पाण्यात. वर लिंबू पिळायचे ते वाढताना, आधी नाही, नाहीतर हिरवा रंग जातो.

मका ज्या दिवशी आणला त्याच दिवशी. वांगे थेट आचेवर, साल पूर्ण काळी होईपर्यंत. "जळलं जळलं" म्हणून कोणी ओरडले तरी उतरवू नये. आत ते लोण्यासारखे झालेले असते.

भर दुपारी आत्या पुदिना तोडत असते, ताईची सुरी चालू असते, खिडकीतले टोमॅटो उन्हाने कोमट झालेले असतात आणि बाहेरून कोणीतरी विचारते, "आज काय?" त्या वेळी मला आयुष्यात अजून काही हवे होते असे आठवत नाही. हे शुद्धीत असल्याचा पुरावा म्हणून धरावे.

सव्वापाच. काकडी निथळली म्हणून मी उठलो होतो. परत आलो तर कागद ताईच्या हातात आणि आत्या तिच्या खांद्यावरून वाचते आहे. जे झाले ते पुढे लिहीत आहे.

ताई मला म्हणाली, "हे काय? म्हणजे तू गेलास की मी जन्मभर यांच्याबरोबर कांदे चिरायचे?"

आत्या मला म्हणाली, "तिला विचार, मी मागितलं होतं का?"

"पातेलं त्यांना, झाकण मला. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

मी म्हणालो, वर लिहिलेच आहे, पूर्ण शुद्धीत.

ताईने कागद पुन्हा वरून वाचला. वाचता वाचता ती साक्षीदारांच्या ओळीपाशी थांबली. "सही केली की वाट्याचं मिळत नाही, असं लिहिलंयस ना?"

"हो."

"मग दे पेन. मला तुझं काही नको. तू घरी ये, बास." आणि मी हात पुढे करायच्या आत तिने कागदाच्या तळाशी सही केली. इतकी दाबून की ती कागदाच्या मागून उमटली.

आत्या ताईकडे वळली. माझ्याकडे नाही, ताईकडे.

"वा गं शहाणे. तू सुटलीस आणि सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात? आण ते पेन."

"घे."

"कुठे करू?"

"माझ्या खाली कर. वर त्याची जागा आहे."

आत्याने चष्मा लावला आणि सावकाश सही केली. पेन परत देताना म्हणाली, "आणि उद्यापासून काकडी कोण बघणार आहे?"

"मी किसते. किसलेली लवकर मुरते."

"किसलीस की पाणी सुटतं. चिरायची."

"मग तू चीर."

"मी चिरते, तू शेंगा बघ. तुझ्या शेंगा चांगल्या होतात."

मला कोणी काही पोचवायला सांगितले नाही. दोघी ओट्यापाशी गेल्या. संध्याकाळच्या सुपाचे पातेले तिथेच होते आणि त्यावर झाकण उलटे होते. ताईने झाकणाकडे पाहिले, मग आत्याकडे.

"मीठ टाकलंयस?"

"टाकलंय."

ताईने तरी चमचा बुडवून चाखले. आत्याने तिच्याच हातातला चमचा घेऊन चाखले. "लिंबू हवंय," आत्या म्हणाली. ताई लिंबू कापायला गेली.

साडेपाचला दस्तलेखक आणि भाजीवाली आले. दस्तलेखकांनी कागद वाचला, सह्या पाहिल्या आणि चष्मा काढला. "अहो, ज्यांना द्यायचंय त्यांच्याच सह्या घेतल्यात. या कागदाने या दोघींना काहीच मिळत नाही. काटा तेवढा बाईंना जाईल. पूर्ण नव्याने लिहावं लागेल."

भाजीवाली म्हणाली, "कसला काटा?" तिने कलम चार वाचून घेतले आणि म्हणाली, "मला नको तो, त्याची मान वाकडी आहे." मग पिशवीतून खरबूज काढून ओट्यावर ठेवले. "हे आज जागं आहे. उद्यापर्यंत ठेवू नका."

मी दस्तलेखकांना विचारले, आत्ता लगेच नवे लिहून होईल का. ते म्हणाले, होईल, पण त्यांना भूक लागली आहे. ताई आतून म्हणाली, "परत आल्यावर लिहील तो. बसा."

तेव्हा नवे मृत्युपत्र लिहिण्यासाठी मला परत यावे लागेल. मधल्या काळासाठी हेच ठेवले आहे. वर लिहिलेले सर्व माझ्या हस्ताक्षरात आहे आणि मी ते वाचून, समजून खाली सही केली आहे.

सही: तराजू

साक्षीदार पहिली: ताई, ओट्याची खिडकीकडची बाजू
साक्षीदार दुसरी: आत्या, ओट्याची शेगडीकडची बाजू

ठिकाण: जेवणाची खोली, दारालगतचा बाक. वेळ: संध्याकाळचे सव्वासहा.

ताजा कलम, खर्च आणि देणे:
दस्तलेखकांची फी: निम्मी रोख दिली. निम्मी सूप, शेंगा आणि पाव यांत फिटली. त्यांनी सूप दोनदा घेतले.
भाजीवालीचे खरबूज: पैसे घेत नाही म्हणते. देणे.
छापखान्याच्या मालकांचे भाडे: या महिन्याचे दिले. पुढच्या महिन्याचे दोघी कमावतील.
मालकांना, दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या सुपातले मीठ: देणे होते. आत्ता ताई आजच्या सुपाची एक वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली आहे. आत्याने तिला दारातून हाक मारून पुदिना टाकायची आठवण केली.