शेजारची फुलदाणी

१५ जानेवारी १९३६, लोणावळा
काल संक्रांत. आमची ही, म्हणजे अनसूया, शेजारी चिंतामणीच्या घरी हळदीकुंकवाला गेली ती दीड तासाने परतली. तेव्हापासून एकच घोष : त्यांच्या बैठकीतली फुलदाणी. फुलं नाहीतच म्हणे. क्रोटनची पानं, नेचे, कुर्डूचे वाळके तुरे, खुळखुळ्याच्या शेंगा. वाळक्या गवताचं एवढं कौतुक! चिंतामणी रेल्वेच्या गुड्स ऑफिसात, मी पार्सल ऑफिसात. सर्व्हिसमध्ये मी तीन वर्षांनी सीनियर. मत्सर माझ्या स्वभावातच नाही.

१६ जानेवारी
सकाळचा चहा गोड लागला नाही.

१७ जानेवारी
ही विरजण मागायला शेजारी गेली. विरजण घरात होतं. मी झाकण काढून पाहिलं. पाऊण तासाने हसत आली. म्हणे एक तुरा कलला होता, सरळ केला. चिंतामणीला हात नाहीत काय?

१९ जानेवारी, रविवार
निश्चय. २८ तारखेला आमच्याकडे हळदीकुंकू. त्या दिवशी अशी फुलदाणी करीन की चिंतामणीने तोंड लपवावं. रोज पहाटे पाचला उठून डोंगर, पानं, शेंगा. लग्नाला नऊ वर्षं झाली. हिने एकदा, फक्त एकदा, माझ्या हातच्या कशाकडे तरी तसं बघावं.

२० जानेवारी
उठलो आठला. थंडी फार. उद्यापासून नक्की.

२२ जानेवारी
फुलदाणी नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी केली, लोणचं पातेल्यात. हिने भांडी आपटली. बरणीत अळूची पानं आणि आंबेमोहोर भाताच्या लोंब्या. उत्तम जमलं.

२२ जानेवारी, संध्याकाळ
अळू माना टाकून बसलं. लोंब्या चिमण्यांनी फस्त केल्या. चिमण्यांचं घरटं चिंतामणीच्या वळचणीला आहे. मी काही म्हणत नाही, फक्त नोंद.

२५ जानेवारी, शनिवार
अर्धी रजा टाकली. स्टेशनच्या बागेचा माळी गेणू, बेडसे गावचा. त्याला घेऊन वलवणच्या पुढच्या जाळीत गेलो. आणि सापडलं! वेलावर घोस लटकलेले, सोनेरी, मखमली, बाकदार शेंगा. चिंतामणीच्या बापानेही पाहिल्या नसतील. गेणू ओरडला, सायेब, हात लावू नगा, लय वंगाळ हाय ती! कारण उघड आहे. गेणू चिंतामणीच्या बागेलाही पाणी घालतो. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. येताना तो दहा हात लांबून चालला. फितूर माणूस.
शेंगा कोळशाच्या खोलीत लपवल्या. हिलासुद्धा आधी दाखवायच्या नाहीत.

२५ जानेवारी, संध्याकाळ
हातांना, मानेला भयंकर खाज. पित्त उठलं. वांग्याच्या भाजीचा परिणाम. हिला सांगितलं, या घरात वांगी बंद.

२८ जानेवारी, दुपारी चार
ही तिळगुळात गुंतली आहे. बरणी सजवली. मागे सिल्व्हर ओकची पानं, पुढे क्रोटन, मधोमध मखमली शेंगा. खिडकीत ठेवली म्हणजे वाऱ्याने जरा हलेल. पित्त अजून आहे. वांगी फारच बाधली.

२८ जानेवारी, संध्याकाळी साडेसात
बायका आल्या सात. स्टेशनमास्तरांच्या बाईंनी पाहताक्षणी म्हटलं, अय्या, किती मऊ! आणि शेंग उचलून गालाला लावली. मी पडद्याआडून हिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ही हसली होती! खरंच हसली होती.
मग वारा आला.
आमची भांडीवाली बयाबाई दारातूनच ओरडली, आगं बया, खाजकुयली हाय ही, पळा! बायका पळाल्या. कोणी अंगणात, कोणी हौदावर. वाण तिथेच. स्टेशनमास्तरांच्या बाई रडत होत्या. ही तर दोन्ही दंड ओरबाडत होती.
चिंतामणी धावत आला, बादलीभर ताजं शेण घेऊन. खाजेवर हाच उतारा म्हणे. त्याने मलाही फासलं. सगळी चाळ हसत होती, तो एकटा हसला नाही. हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.

३० जानेवारी
प्लॅटफॉर्मवर स्टेशनमास्तरांनी मला पाहून तोंड फिरवलं. घरी येऊन हिला सगळं सांगून टाकलं. की हे सारं त्या चिंतामणीच्या फुलदाणीपायी झालं, ती मला बघवत नाही, तू तिचं कौतुक करतेस ते ऐकवत नाही.
ही म्हणाली, ती फुलदाणी मी केली आहे. दिवाळीत तुम्हाला विचारलं होतं, घरात एक मांडू का. तुम्ही म्हणालात, हे घर आहे की गोठा. चिंतामणींच्या बायकोने, रजनीने, आपल्या बैठकीतला कोपरा दिला. मी रोज जाऊन नीट करते.
मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलंच असेल.
मोठ्या मनाने म्हणालो, मग इथे कर की, माझी काही हरकत नाही. ही म्हणाली, इथे नको. तिकडे आहे माझी, बघावीशी वाटली की जाते.
आणि गेली. जाताना सांगून गेली, भात उतरवा. उतरवला. खालून करपला होता.