निळ्या खडूची रेघ

ता. ९ जून २०२०

चि. चिमीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तर मास्क न्यायला सगळ्यांत आधी कोण यावं? सुतार! तोंडाला बायकोचा फुलाफुलांचा रुमाल. मागोमाग बेकरीवाली. तुझ्या आजोबांनी उंबऱ्याबाहेर रेघ मारलीय, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने. तिच्या अलीकडे कोणी यायचं नाही. मास्क शिवून झाला की मोजपट्टीच्या टोकाला अडकवून आतूनच देतात, गळ टाकून बसल्यासारखे! एरवी वाघ असलेला सुतार रेघेपाशी गरीब गाय होतो. यांची दम्याची छाती तुला ठाऊकच, पण मजेत आहेत. दवाखान्यात ड्यूटीवर जपून राहा. म्हातारीची आठवण ठेव.

ता. २० फेब्रुवारी २०२१

ती. आजीस, चिमीचा सा. न.

इथे वॉर्ड पुन्हा भरतोय आणि रस्त्यावर लोक मास्क हनुवटीला लावून हसतायत. मला भित्री म्हणतात. आजी, कोणी कितीही हसू दे, रेघ पुसू देऊ नकोस. आजोबांची छाती सोसणार नाही. जीव तुमच्यापाशी आहे.

ता. ५ मार्च २०२३

चि. चिमीस, तुला नि बाळाला आशीर्वाद.

शनिवारी बाळाला घेऊन येतेस! पत्र चारदा वाचलं. पणजी झाले गं मी! काल सुतार आणि बेकरीवाली आले, थेट आत बसले. उरलेल्या मास्कांनी मी काचा पुसते म्हटल्यावर खो खो हसले. मग सुतार खोकला. सगळ्यांच्या नजरा यांच्या बंद शिलाई मशीनकडे.

चिमे, एक सांगायचं राहिलंय. तुझं ते रेघेचं पत्र आलं त्याच आठवड्यात सुतार म्हणाला, काकू, अजून रेघ? आम्ही काय परके? मला मेलीला लाज वाटली. मीच ओल्या फडक्याने पुसली. तो मशीनशेजारी बसला, खोकला, घशात भुसा गेला म्हणाला. हे मान खाली घालून शिवत राहिले. नवी रेघही मारली नाही. पंधरा दिवसांत हे गेले. तू नशीब म्हणालीस, मी मान डोलावली.

फरशी दोन वर्षं कोरी होती, तरी तिथे माझं पाऊल आखडायचं. काल जाताना सुतारही नेमका तिथेच थबकला, खाली बघत राहिला.

आज यांचा खडू काढून रेघ मारली. वाकडी आलीय. बाळ महिन्याचं, लोक हसेनात का. रागावलीस तरी येणं मोडू नकोस.

बाळाला बघायला ते दोघे परत येतो म्हणालेत, रविवारी.

तुझी आजी