कापलेल्या निरोपाची डबी

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, शाळेच्या ग्रंथालयातील मदतनीस, सोमवारच्या हृदयशस्त्रक्रियेपूर्वी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना माझी इच्छा लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला आहे. बाबांनी तो ऐकून विषय बदलला आहे.

१. पुस्तके ग्रंथालयास द्यावीत. शब्दकोश मात्र धाकट्या मावशीला. कोडे अडले की ती मलाच फोन करते; पुढे कोणाला करणार?

२. बचत बाबांची. तिच्यातून त्यांनी आधी चष्मा बदलावा.

३. पत्र्याची डबी. तिच्यात फिल्मच्या शहाण्णव चौकटी आहेत, म्हणजे पडद्यावरचे चार सेकंद. बाबा चित्रगृहात प्रोजेक्टर चालवत. घोडेस्वारांचा एक जुना, कृष्णधवल अमेरिकन चित्रपट तिथे दर सुट्टीत लागे. तहानलेल्या गावाकडे पाणी वळवून आणणारा स्वार अखेरीस एका विधवेच्या फाटकापासून निघतो. संगीत नाही, खोगिराची करकर आणि पडदाभर आभाळ. मला इंग्रजी कळत नसे, पण तिथे कोणी बोलतच नाही. दोघे एकमेकांकडे पुरेसा वेळ पाहतात, इतकेच. एवढा सभ्य निरोप मी पुस्तकांतही क्वचित वाचला.

रीळ नेमके तिथेच तुटे. फाटक्या चौकटी कापून बाबा जोड देत आणि तुकडे माझ्यासाठी घरी आणत. होता होता स्वार फाटकावरून थेट टेकडीवर दिसू लागला. लोक हसले, तर बाबा म्हणाले, "घोडा चपळ आहे, त्याला मी काय करू?"

४. एक जुनी तक्रार. आईच्या शेवटच्या सकाळी मला परीक्षेला पाठवण्यात आले. बाबा म्हणाले, "तू जा बाळा, आई काही पळून जात नाही." त्या परीक्षेत मी पहिली आले. परतले तेव्हा घर माणसांनी भरले होते. तो तुकडा बाबांनी माझ्या काळजीपोटीच कापला, हे मला कळते. पण त्या चौकटी कोणत्याच डबीत नाहीत.

५. हे कलम माझ्या पश्चात उघडायचे नाही; साक्षीदारांनी ते आजच बाबांना वाचून दाखवावे. सोमवारी त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत यावे. औषध आणण्याचे निमित्त काढून खाली जाऊ नये. बोलायची गरज नाही. चार सेकंद माझ्याकडे पाहावे.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेपूर्वीचा शुक्रवार
सही: ऑपरेटरची मुलगी

साक्षीदार १: ग्रंथपालबाई (सही)
साक्षीदार २: शेजारचे घड्याळजी (सही). कलम पाच वाचून दाखवले. तिच्या बाबांनी डबी मागून घेतली आणि खिडकीशी एकेक चौकट उजेडात धरून पाहत बसले.